बुटक्या हिमनदीय वरंब्यांचा उगम : स्टोरी काउंटी, आयोवा (प्रकल्प नोंदी)

१८ ऑगस्ट २०२३ : जागा

काम अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइन लोबवर. उत्तर अमेरिकेचा मोठा भाग झाकणाऱ्या लॉरेंटाइड हिमचादरीची ही जीभ मिनेसोटातून दक्षिणेला उतरली आणि साधारण १७ हजार वर्षांपूर्वी आजच्या डे मॉइन शहरापर्यंत येऊन थांबली. ती गेल्यावर मागे जी जमीन उरली तिच्यावर, विशेषतः स्टोरी काउंटीच्या भागात, बुटके वरंबे एकामागोमाग एक पसरलेले आहेत. उंची १ ते ५ मीटर, दोन माथ्यांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी १०० मीटरच्या आगेमागे, आणि सगळे बर्फाच्या वाहण्याच्या दिशेला आडवे. वरून पाहिलं तर कुणीतरी अख्ख्या तालुक्यात सरी-वरंबे पाडून ठेवल्यासारखं दिसतं. रस्त्यावरून मात्र शेत जरासं लाटालाटांचं वाटतं, एवढंच. भूशास्त्रज्ञ चार्ल्स ग्विन यांनी १९४२ साली ही नक्षी हवाई छायाचित्रांवरून मांडली. माथ्याची माती फिकी आणि खोलगटातली काळी, ओली. त्यामुळे पीक नसताना काढलेल्या छायाचित्रात पट्टे उठून दिसतात.

हे वरंबे कसे झाले, हा प्रश्न आकारावरून सुटत नाही. चार वेगळ्या वाटांनी गेलं तरी शेवटी दोन-तीन मीटर उंचीचा, दोन्हीकडे मंद उतार असलेला वरंबा तयार होऊ शकतो. उत्तर असेल तर ते आतल्या गाळात.

आज लायडारवरून (विमानातून लेसरने केलेल्या उंचीच्या मोजणीवरून) उंचीचे नकाशे केले. राज्यभराची माहिती मोफत मिळते. एकाच दिशेने प्रकाश टाकून छायाचित्रण केलं तर त्या दिशेला समांतर असलेले वरंबे गायब होतात, म्हणून निदान चार दिशांनी छाया काढून त्या एकत्र केल्या. उभी उंची दहापट वाढवल्याशिवाय इथे काही दिसत नाही; पण उताराचा कोन मोजायचा तो वाढवलेल्या चित्रावर नाही, मूळ आकड्यांवर.

जागा नाकारण्याची कारणं अशी ठेवली: शेतात समपातळीचे बांध घातलेले असणं, घर किंवा जुनं गोठाघर माथ्यावर असणं (माथा सपाट केलेला असतोच), रस्त्याचा भराव २० मीटरच्या आत असणं. वरंबा निदान २ मीटर उंच हवा, नाहीतर खड्ड्यातला अर्धा भाग मुरलेल्या मातीतच जातो. शेवटी निवडलेला वरंबा २.४ मीटर उंच, पायथ्याला सुमारे ६० मीटर रुंद आहे. उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा उतार जवळजवळ सारखाच. हा सारखेपणा पुरावा म्हणून धरलेला नाही. दीडशे वर्षांच्या नांगरटीने माथा खाली आणि पायथा वर येतोच.

२ सप्टेंबर : चार शक्यता, आणि प्रत्येकीत आत काय सापडायला हवं

खणायच्या आधी हे लिहून ठेवणं गरजेचं आहे. खड्ड्यात उतरल्यावर डोळ्यांना जे हवं ते दिसू लागतं.

पहिली शक्यता, ढकलून झालेला वरंबा. बर्फाची कड उन्हाळ्यात मागे जाते आणि हिवाळ्यात थोडी पुढे सरकताना समोरचा गाळ लोटते. तसं असेल तर आत वळ्या हव्यात, बर्फ जिकडून आला तिकडे कललेले भ्रंश (गाळ तुटून सरकल्याच्या भेगा) हवेत, आणि बर्फाच्या पुढ्यात वाहत्या पाण्याने टाकलेली रेती-वाळू गाळात मिसळलेली हवी. सगळी विकृती एकाच दिशेने झुकलेली असेल.

दुसरी, भेगेत दाबला गेलेला गाळ. बर्फाच्या तळाशी आडव्या भेगा पडतात. खालचा ओला टिल (बर्फाने टाकलेला, चिकणमातीपासून गोट्यांपर्यंत सगळं मिसळलेला गाळ) वरच्या बर्फाच्या भाराने दोन्ही बाजूंनी भेगेकडे सरकतो आणि आत चढतो. आइसलँडमध्ये ब्रूआरयोकुल हिमनदीने १९६३-६४ मध्ये एकदम मुसंडी मारली, त्यानंतर तिच्या पुढ्यात असे वरंबे बर्फातल्या भेगांतून थेट बाहेर निघताना पाहायला मिळाले. म्हणजे ही प्रक्रिया घडते याबद्दल वाद नाही, ती इथे घडली का हा प्रश्न. घडली असेल तर वरंब्यातला टिल खालच्या टिलसारखाच असेल, आणि कणांची मांडणी माथ्याच्या दोन बाजूंना आरशातल्यासारखी उलट असेल.

तिसरी, बर्फाच्या पाठीवरचा किंवा बर्फात अडकलेला राडारोडा जागीच वितळून खाली बसला. मग थर लागलेले, धुतलेले, सैल, ढासळलेले थर हवेत.

चौथी, चालू बर्फाच्या तळाशीच घडलेला वरंबा. मग वरंब्याच्या आत सगळीकडे, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, कणांचा कल बर्फाच्या दिशेचाच हवा.

पाण्यात संपणाऱ्या हिमनदीच्या कडेला होणारे वरंबे (स्वीडनमध्ये डी गीर यांनी नोंदवलेले) पाचवी शक्यता म्हणून धरता आले असते. पण त्याला तळ्याचा गाळ लागतो, आणि निवडलेल्या जागी लगतच्या खोलगटातही पातळ पापुद्र्यांची पोयटामाती नसेल तर ती शक्यता कोअरमध्येच (नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यातच) बाद होईल.

पहिल्या दोघींतला निवाडा सर्वांत अवघड. माथ्याखाली दोन्हीही गाळाला आडवं दाबतात आणि उभं वर ढकलतात. म्हणून माथ्यावर एकच मोठा खड्डा घेण्यात अर्थ नाही. दोन्ही उतारांवर खणायलाच हवं.

२१ सप्टेंबर : परवानगी, नळ

जमीनमालकाची लेखी परवानगी. सोयाबीनची काढणी झाल्यानंतरच यंत्र आत. खोदण्याआधी ८११ वर फोन करणं कायद्याने बंधनकारक आहे, पण ते फक्त सार्वजनिक वाहिन्या दाखवतात. या भागात शेताखालून जाणारे निचऱ्याचे नळ खासगी असतात आणि साधारण १ ते १.२ मीटर खोल. जुने मातीचे, नवे छिद्रांचे प्लास्टिकचे. मालकाकडचा नकाशा आणि पावसानंतर लवकर वाळणाऱ्या रेषांचं हवाई छायाचित्र, दोन्ही एकावर एक ठेवून खड्ड्यांच्या जागा पक्क्या केल्या. नळ फुटला तर खड्डा पाण्याने भरतो आणि पुढच्या वर्षी शेतात दलदल होते, ते निस्तरायला वर्ष जातं.

११ ऑक्टोबर : कोअर

वरंब्याला काटकोनात एक रेघ, उत्तरेच्या खोलगटापासून दक्षिणेच्या खोलगटापर्यंत. ट्रकवरच्या हायड्रॉलिक प्रोबने ७.५ सेंमी व्यासाचे कोअर. प्रत्येक ढकलीनंतर भोकाची खोली आणि हातात आलेल्या कोअरची लांबी, दोन्ही लिहायच्या. टिलमध्ये गोटा तोंडाशी अडकला की नळी पुढे जाते पण गाळ आत शिरत नाही. लांबी कमी भरली आणि कारण लिहिलं नसेल तर नंतर ते दाबलं गेल्यामुळे की गळाल्यामुळे हे ठरवता येत नाही.

कोअर उभा चिरून, चाकूने पृष्ठभाग ताजा करून, ओला असतानाच रंग नोंदवला. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब दर १० सेंमीवर. माथ्यावर साधारण ८० सेंमीपर्यंत फसफस नाही, म्हणजे चुना धुऊन गेलेला. त्याखाली जोरात फेस. पिवळट तपकिरी रंग साडेतीन मीटरपर्यंत, मग करडा.

थरांचा क्रम डावस फॉर्मेशनच्या (या लोबने टाकलेल्या गाळाच्या थरसमूहाच्या) नेहमीच्या वर्णनाशी जुळतो. खाली आणि वरंब्याच्या गाभ्यातही एकजिनसी, घट्ट टिल, म्हणजे ऑल्डन मेंबर. दक्षिण उतारावर वरच्या ५० सेंमीत थर लागलेला, सैल, वाळूच्या पट्ट्यांचा मॉर्गन मेंबर. माथ्यावर तो जवळजवळ नाहीच. खोलगटात काळ्या मातीखाली थेट टिल, तळ्याचे पापुद्रे नाहीत. पाचवी शक्यता इथेच संपली. तिसरीही बरीच लंगडी झाली: वितळून बसलेला गाळ वरंब्याच्या अंगावर चादरीसारखा आहे, त्याचा सांगाडा नव्हे.

वरंब्याचा टिल आणि खालचा टिल यांच्यात सीमारेषा शोधली. स्पष्ट रेषा नाही. पायथ्याच्या पातळीजवळ वाळू-पोयट्याची बोटभर जाडीची तुटक भिंगं दोन कोअरमध्ये सापडली, बाकी ठिकाणी काही नाही.

१७ ऑक्टोबर : खड्डे

तीन खड्डे: उत्तर उतारावर, माथ्यावर, दक्षिण उतारावर. माथ्याचा साडेतीन मीटर खोल, म्हणजे वरंब्याच्या पायथ्याच्या पातळीखाली सुमारे एक मीटर जातो. उतारांवरचे दीड मीटरच्या आसपास.

दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधाराशिवाय किंवा पायऱ्यांचा उतार दिल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही, हा अमेरिकेतला कामगार-सुरक्षेचा नियम आहे. टिल घट्ट असतो, भिंत उभी राहते, आणि त्याच भरवशावर अपघात होतात: वाळलेल्या टिलमध्ये उभ्या सांध्या असतात आणि त्या सांध्यांवरून भिंतीची अख्खी लादी सुटते. माथ्याच्या खड्ड्याला पायऱ्या दिल्या, शिडी लावली, उकरलेली माती काठापासून ६० सेंमीच्या पलीकडे. वरची काळी माती वेगळ्या ढिगात.

बॅकहोच्या (खणणाऱ्या यंत्राच्या) दातांनी भिंत लिंपली जाते. कमीत कमी १५ सेंमी आत हाताने तासल्याखेरीज भिंतीचं काही वाचू नये. चपट्या थापीने वरून खाली तासायचं. आडवं तासलं की वाळूची पट्टी टिलवर ओढली जाते आणि नसलेला थर दिसतो.

माथ्याच्या खड्ड्यात: वळ्या नाहीत. एकही मोठा भ्रंश नाही. पश्चिमेच्या भिंतीत २.१ मीटर खोलीवर वाळूचं एक भिंग, लांबी ४० सेंमी, जाडी मध्ये ३ सेंमी आणि दोन्ही टोकांना निमुळतं होत नाहीसं. त्याचं उत्तरेचं टोक वर उचललेलं. भिंगाच्या आत बारीक वाळूचे तिरपे थर शाबूत आहेत, म्हणजे पाण्याने टाकल्यावर ते फारसं चुरगळलं नाही. असं भिंग टिलच्या पोटात बर्फाखाली साचलेल्या पाण्याच्या पातळ पोकळीतही बनतं, त्यामुळे ते दिसलं म्हणून बर्फाच्या कडेपुढची रेती मानायची घाई नको. लोटून आणलेली रेती असती तर गोटे, जाड थर आणि जास्त पसारा अपेक्षित होता.

१९ ऑक्टोबर : चुंबकीय नमुने

मुख्य पद्धत हीच. टिलमधले मॅग्नेटाइटचे (चुंबकीय लोहखनिजाचे) बारीक कण लांबट असतात. गाळ विकृत होताना ते ताणाच्या दिशेला वळतात. नमुन्याची चुंबकीय ग्रहणक्षमता दिशेनुसार किती बदलते ते मोजलं की तीन परस्परलंब अक्ष मिळतात: सर्वांत मोठा के१, मधला के२, सर्वांत लहान के३. एकेक गोटा मोजण्यापेक्षा हे बरं, कारण एका डबीत लक्षावधी कणांची सरासरी येते आणि मोजणाऱ्याची निवड आड येत नाही. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत टिल वलयाकार कर्तनयंत्रात फिरवून ही पद्धत तपासलेली आहे: पुरेसं कर्तन (एक थर दुसऱ्यावरून सरकत होणारी विकृती) झालं की के१ अक्ष कर्तनाच्या दिशेला घट्ट जमतात आणि हलकेच वरच्या बाजूला, म्हणजे बर्फ जिकडून आला तिकडे, कलतात.

डबी प्लास्टिकची, आतून २ सेंमीचा घन, तळाला हवा जाण्यासाठी भोक. पद्धत:

खड्ड्याच्या भिंतीत कोरलेल्या ओट्यावर ३० × ४० सेंमीची आडवी जागा पितळी किंवा प्लास्टिकच्या पात्याने समतल केली. लोखंडी पातं वापरलं तर त्याचा कीस नमुन्यात जातो. मग डबीपेक्षा किंचित मोठा चौकोनी खांब कोरायचा, डबी त्यावर अलगद ठेवायची, आणि खाली सरकवत कडेचा गाळ तासत जायचं. डबी ठोकून बसवली की कडेचे कण डबीच्या भिंतीला समांतर वळतात, आणि जो कल आपणच तयार केला तोच मोजला जातो. ४ मिलिमीटरपेक्षा मोठा खडा पात्याला लागला की तो खांब सोडून शेजारी नवा. प्रत्येक जागी २५ डब्या. त्याहून कमी घेतल्या तर विश्वासाची लंबवर्तुळं (सरासरी अक्षाभोवतीची अनिश्चिततेची मर्यादा) इतकी मोठी येतात की दोन जागांची तुलना होत नाही.

दिशा मोजणं हा इथला कच्चा दुवा. बॅकहो उभा असताना आणि नसताना एकाच रेघेवर होकायंत्र ठेवून पाहिलं: सुईत १४ अंशांचा फरक. शिडी अॅल्युमिनियमचीच हवी. पोलादी आधाराची पेटी लावलेल्या खड्ड्यात तर होकायंत्र खिशातच ठेवावं. इथे खड्ड्याबाहेर जीपीएसने दोन बिंदू पक्के केले, त्यांच्यात दोरी ताणली, तिला समांतर दुसरी दोरी ओट्यावर आणली आणि प्रत्येक डबीचा बाण त्या दोरीशी किती अंशात आहे ते कोनमापकाने वाचलं.

खोली कुठे घ्यायची? चुना धुऊन गेलेल्या पट्ट्यात अजिबात नाही. माती तयार होताना नवं, अतिसूक्ष्म मॅग्नेटाइट बनतं आणि वरच्या थराची ग्रहणक्षमता वाढते; खोलगटातल्या पाणथळ मातीत उलट होतं, मूळ मॅग्नेटाइट विरघळतं. मुळांची भोकं, गांडुळांची बिळं, सांध्यांवरचे गंजाचे पट्टे, सगळं टाळायचं.

माथ्याच्या खड्ड्यात १.४, २.२ आणि ३.३ मीटरवर ओटे. उतारांवर प्रत्येकी १.३ मीटरवर.

डब्या लगेच झाकून, चिकटपट्टी लावून, ओल्या कापडात, मग ४ अंशाच्या फ्रिजमध्ये. टिल वाळला की आकसतो आणि डबीत हलतो. गोठवायचं तर मुळीच नाही, बर्फाची भिंगं वाढतात आणि मांडणी मोडते.

(चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ तालचीरचा गोटेमिश्रित हिमनदीय खडक आहे, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे असं काम करायचं तर डबी उपयोगाची नाही, दगड झालेला आहे. दिशा आखून पाण्याच्या ड्रिलने एक इंची गाभे काढावे लागतील. अक्ष वाचण्याची रीत मात्र तीच.)

२० ऑक्टोबर : गोट्यांचा कल

पडताळा म्हणून माथ्याच्या खड्ड्यात दोन ओट्यांवर प्रत्येकी ५० गोटे. लांबी-रुंदीचं गुणोत्तर १.५ किंवा जास्त, लांबी १.५ ते १० सेंमी. गोटा निम्मा उघडा करून, काढून, त्याच्या जागी अॅल्युमिनियमची सळई बसवून तिची दिशा आणि कल वाचायचा. मोठ्या धोंड्याच्या जवळचे गोटे घेऊ नयेत, धोंड्याभोवती गाळ वळसा घेतो. वाळूच्या भिंगालगतचेही नाही.

बऱ्याच गोट्यांना घासलेल्या सपाट बाजू आणि ओरखडे. मऊ करड्या शेलचे (चिकणमातीपासून बनलेल्या पापुद्री खडकाचे) तुकडे भरपूर. पात्याने वडीसारखे कापले जातात. वायव्येकडच्या क्रेटेशियस काळातल्या शेलवरून बर्फ आला त्याची ही खूण, आणि आयोवातल्या जुन्या टिलपासून डावस वेगळा ओळखायला उपयोगी.

गोट्यांच्या टोकदारपणाची मोजणी (किती टक्के टोकदार, किती टक्के चपटे) सुचवली गेली होती. केली नाही. ती कसोटी डोंगरी हिमनद्यांसाठी चांगली आहे, जिथे कड्यांवरून ताजे टोकदार दगड बर्फाच्या पाठीवर पडतात. आयोवाच्या सपाटीवर कडे कुठून आणायचे? बर्फाच्या पाठीवर असलेला राडारोडाही इथे तळातूनच वर आलेला असतो. दोन्ही शक्यतांना उत्तर एकच येईल.

२४ ऑक्टोबर

खड्डे बुजवले. ३० सेंमीचे थर, प्रत्येक थर बादलीने दाबून, सगळ्यांत वर काळी माती. मध्ये १५ सेंमी फुगवटा ठेवला, हिवाळ्यात बसेल.

१४ नोव्हेंबर : कणप्रत

प्रत्येक ओट्यावरून आणि कोअरमधून दर ५० सेंमीला नमुना. २ मिलिमीटरच्या चाळणीखालचा ४० ग्रॅम गाळ, १०० मिली सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटचं ५ टक्के द्रावण, रात्रभर भिजवून, ढवळून, १ लिटरच्या नळकांड्यात. हायड्रोमीटरची वाचनं, प्रत्येक वेळी तापमान आणि कोऱ्या द्रावणाचं वाचन सोबत. वाळू ६३ मायक्रॉनवर ओली चाळून वेगळी.

चुना असलेल्या टिलमध्ये द्रावण कमी पडलं की कण पुन्हा गुठळी धरतात. ओळखायची खूण: नळकांड्यात वरून स्वच्छ पाण्याची तीक्ष्ण रेघ झपाट्याने खाली सरकते. तसं दिसलं तर ते वाचन फेकून नव्याने भिजवायचं, कारण चिकणमातीचा आकडा निम्मासुद्धा येऊ शकतो.

वरंब्याचा गाभा आणि त्याखालचा टिल यांत फरक काढता येत नाही. दोन्हीकडे वाळू निम्म्याहून किंचित कमी, चिकणमाती १५ टक्क्यांच्या जवळपास, उरलेला पोयटा. धुतलेल्या, विभागलेल्या गाळाची खूण फक्त दक्षिण उताराच्या वरच्या अर्ध्या मीटरमध्ये. म्हणजे वरंब्याचं सामान खालच्या टिलमधूनच आलं. दुसऱ्या आणि चौथ्या शक्यतेला हे चालतं. पहिलीलाही चालतं, जर बर्फाच्या पुढ्यात उघडा टिलच असेल.

५ डिसेंबर : घनता आणि दाबाची चाचणी

मेणात बुडवून काढलेल्या ढेकळांची कोरडी घनता: गाभा आणि तळ दोन्ही घन सेंमीला १.८५ ते १.९५ ग्रॅमच्या दरम्यान. मॉर्गनचा थर स्पष्टपणे हलका.

ईडोमीटर चाचणी (नमुना पायरीपायरीने दाबून तो किती बसतो ते पाहणं) ६३.५ मिमी व्यासाच्या कड्यात, भार दर वेळी दुप्पट, १२.५ किलोपास्कलपासून १,६०० पर्यंत, प्रत्येक पायरी २४ तास. आलेखाचं वळण जिथे, तिथे त्या गाळाने पूर्वी सोसलेला सर्वाधिक परिणामी दाब (पाण्याने उचललेला वगळून कणांनी प्रत्यक्ष झेललेला). गोट्यांमुळे कड्यात नमुना कापणं कटकटीचं. गोटा उपटला की खळगा राहतो आणि पहिल्या पायऱ्यांना नमुना खोटाच बसतो. अशी खोटी बसकण दिसलेले नमुने बाजूला काढले.

हा आकडा जपून वापरायचा. एक मीटर बर्फ म्हणजे साधारण ९ किलोपास्कल, तेव्हा ३०० किलोपास्कल म्हणजे फक्त ३३ मीटर बर्फ, असा हिशोब मोहक आहे आणि चुकीचा. तळाशी पाण्याचा दाब बर्फाचा बहुतेक भार उचलत होता. गाळाला जाणवला तो उरलेला. त्यात वरच्या दोन मीटरमधला टिल हजारो वर्षं वाळत-भिजत आला आहे, आणि वाळण्याने येणारा ताण बर्फाच्या भाराशी सहज बरोबरी करतो. घनतेवरून एवढंच म्हणता येतं की गाभा उघड्यावर ढासळून साचलेला नाही.

१६ जानेवारी २०२४ : कॅपाब्रिज

कॅपाब्रिजवर, म्हणजे चुंबकीय ग्रहणक्षमता मोजणाऱ्या यंत्रावर, मोजणी सुरू. डबी तीन परस्परलंब बाजूंनी फिरवून. रोज सुरुवातीला प्रमाण नमुना, रिकाम्या धारकाचं वाचन, दर २० डब्यांनंतर पुन्हा प्रमाण नमुना. खोलीचं तापमान ढळलं की वाचन सरकतं.

काही डब्यांची एकूण ग्रहणक्षमता शेजारच्यांच्या तिप्पट. आत कॅनडाच्या ढालीतल्या (तिथल्या अतिप्राचीन खडकांच्या प्रदेशातल्या) ग्रॅनाइटचा किंवा गॅब्रोचा खडा असणार. फोडून पाहिल्यावर बहुतेकींत सापडला. अशा एका खड्याचा अक्ष सगळ्या डबीचा अक्ष ठरतो, म्हणून त्या वगळल्या. वगळण्याचा निकष अक्ष पाहण्याआधी ठरवलेला होता: जागेच्या मध्यकापेक्षा दुप्पट.

मॅग्नेटाइटच आहे ना, हे तापवून तपासलं: ५८० अंश सेल्सियसच्या आसपास ग्रहणक्षमता कोसळते. आणखी एक सापळा आहे. कण अतिसूक्ष्म, एकाच चुंबकीय क्षेत्राचे असतील तर के१ आणि के३ यांची अदलाबदल होते आणि सगळं उलटं वाचलं जातं. हिस्टेरेसिसच्या (चुंबकीय क्षेत्र वाढवून-घटवून घेतलेल्या) वाचनात मोठे, बहुक्षेत्री कण प्रबळ दिसतात, तेव्हा अदलाबदलीची भीती नाही.

७ फेब्रुवारी : अक्ष काय सांगतात

विषमतेचं प्रमाण (के१ भागिले के३) १.०२ ते १.०४, टिलमध्ये असतं तसंच, कमी. कमी असलं तरी दिशा एकमेकींशी जुळतात का हे महत्त्वाचं.

माथ्याच्या खड्ड्यात सर्वांत खाली, ३.३ मीटरवर: के१ उत्तर-वायव्येला घट्ट जमलेले, कल १५ अंशांच्या आसपास त्याच बाजूला. साधं कर्तन, बर्फाच्या वाहण्याच्या दिशेने. स्थानिक वाहण्याची दिशा म्हणून हीच धरली आहे. वरंब्याला काटकोन काढून दिशा ठरवणं टाळलं, कारण वरंबा आडवा आहे असं गृहीत धरून तो आडवा आहे असं सिद्ध होतं.

२.२ मीटरवर जमाव सैल. १.४ मीटरवर चित्र पूर्ण वेगळं: के३ आडवे, वाहण्याच्या दिशेला समांतर, म्हणजे वरंब्याला काटकोनात, के१ आणि के२ त्याला लंब असलेल्या उभ्या पट्ट्यात विखुरलेले. गाळ पुढून-मागून दाबला गेला आणि वर व वरंब्याच्या लांबीने पसरला. गोट्यांचा कलही ढोबळमानाने तेच म्हणतो. चौथी शक्यता यात बसत नाही. तळाशी सतत चालणाऱ्या बर्फाने वरपर्यंत कर्तनाचीच मांडणी ठेवली असती.

आता उतार. उत्तर उतारावर के१ उत्तर-वायव्येला कललेले, पण ३० अंशांनी, म्हणजे तळापेक्षा दुप्पट तिरपे. दक्षिण उतारावर के१ दक्षिण-आग्नेयेला कललेले, १८ अंश. दोन्ही बाजूंना कण माथ्यापासून दूर खाली झुकलेले, म्हणजे गाळ दोन्हीकडून माथ्याकडे चढत आला असं वाचता येतं. ढकलून झालेल्या वरंब्यात दक्षिण बाजूचाही कल उत्तरेलाच असायला हवा होता, भ्रंश आणि वळ्या तिकडेच झुकतात.

हे भेगेच्या बाजूने आहे, आणि खरंच तसं असेल तर त्याला एक जोड अटळ आहे: भेग भरल्यानंतर बर्फ फार चालला नसावा. चालला असता तर १.४ मीटरवरची मांडणी पुसून पुन्हा कर्तनाची झाली असती. म्हणजे ताणून भेगा पाडणारी जलद चाल आणि मग ठप्प होऊन जागीच वितळणं. मॉर्गनची पातळ चादर त्याच्याशी जुळते.

पण दक्षिण उताराच्या १८ अंशांवर सगळा निवाडा टेकवावा असं नाही. कारण खाली.

२६ फेब्रुवारी : दक्षिण उताराची शंका

बर्फ हटल्यानंतरच्या गारठ्यात माती गोठते-सुटते आणि उताराने सावकाश सरकते. अशा सरकण्यातही लांबट कण उताराच्या दिशेला वळतात, आणि तेही माथ्यापासून दूर, दोन्ही बाजूंना! म्हणजे आरशातल्यासारखी मांडणी भेगेशिवायही मिळू शकते.

फरक करायला तीन गोष्टी आहेत. कोन: सरकलेल्या मातीत कण उताराला जवळजवळ समांतर असतात, आणि इथला उतार फक्त ४ ते ५ अंश, उत्तरेचे ३० अंश त्यातून निघत नाहीत, दक्षिणेचे १८ निघणं अवघड पण मॉर्गनचा थर वर असल्याने अशक्य म्हणवत नाही. खोली: सरकणं वरच्या मीटर-दीड मीटरपुरतं, म्हणून जास्त खोल गेल्यावर कोन कमी होत पृष्ठभागाला समांतर होतो की वाढत जातो हे पाहायचं. आणि के३: सरकलेल्या मातीत तो जमिनीला लंब, भेगेकडे चढलेल्या टिलमध्ये वरंब्याकडे झुकलेला. दक्षिण ओट्यावर के३ चं लंबवर्तुळ इतकं मोठं आहे की दोन्ही अर्थ त्यात मावतात. १.३ मीटरचा ओटा मॉर्गनच्या तळापासून जेमतेम ८० सेंमी खाली होता. तिथली माती हललेली नाही असं म्हणायला आधार नाही.

उत्तर उतारावर मॉर्गन नाही, के३ स्पष्ट झुकलेला आहे, तिथे ही शंका लागू होत नाही. पण उत्तरेचा कल ढकलण्यातही तसाच आला असता. निवाडा करणारी बाजू नेमकी दक्षिणेचीच.

४ मार्च : मक्याच्या पेरणीआधी

दक्षिण उतारावर नवा खड्डा, जुन्याच्या ६ मीटर पूर्वेला म्हणजे बुजवलेल्या मातीपासून लांब. पायऱ्या देऊन २.६ मीटर खोल. ओटे १.३, १.९ आणि २.५ मीटरवर, प्रत्येकी २५ ऐवजी ४० डब्या. वसंतात पाण्याची पातळी वर असते. कोअरच्या भोकात पातळी मोजून २.८ मीटरच्या खाली असेल तरच खणायचं, नाहीतर तळाचा ओटा चिखल होतो आणि डबी बसवताना गाळ वाहतो.

सोबत एक कोअर लायडारमध्ये दिसलेल्या त्या जागी, जिथे शेजारचा वरंबा तिरप्या लहान वरंब्याला छेदतो. भेगांचं जाळं असेल तर छेदाच्या ठिकाणी दोन्ही वरंब्यांचा टिल सलग असायला हवा. एक दुसऱ्यावर ढकलला गेला असेल तर मध्ये वाळू, गोटे किंवा घसरणीचा पृष्ठभाग. कोअर ७.५ सेंमीचाच, पण तीन, एकमेकांपासून दीड मीटरवर. एकाच कोअरमधलं वाळूचं भिंग काहीच सिद्ध करत नाही.

मालकाला कळवलं आहे. मका एप्रिलच्या शेवटी पेरतील, तोवर शेत बुजवून परत द्यायचं.